स्कॉटिश वंशशोध

स्कॉटिश वंशशोध : स्कॉटलंडमधील घराण्यांची वंशावळ मूळ दप्तरांवरून लावण्याची आणि तिची सांगड त्या देशाच्या इतिहासाशी व स्मारकस्थळांशी घालण्याची प्रथा. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे स्थायिक झालेल्या स्कॉटिश कुटुंबांच्या वंशजांत ती विशेष रूढ आहे.

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. त्या पहिल्या वर्षीच्या जन्मनोंदीत आईवडिलांची वये, जन्मस्थळे, विवाहाची तारीख व ठिकाण आणि आधीच्या अपत्यांची संख्या इतका तपशील सापडतो. हे काम फार वेळखाऊ ठरल्याने पुढच्याच वर्षी तो छाटला गेला. आईवडिलांच्या विवाहाची माहिती तेवढी १८६१ मध्ये परत आली. त्यामुळे घराण्यात १८५५ साली एखादे मूल जन्मले असेल, तर ते संशोधकाचे भाग्यच म्हणावे लागते. त्याआधीच्या काळासाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चच्या पॅरिश-नोंदवह्यांवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांच्या नोंदवह्यांवर, विसंबावे लागते. त्यांतील सर्वांत जुनी पर्थशरमधील एरल येथील असून ती १५५३ पासूनची आहे. हायलँड्स म्हणजे उत्तर व पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात आणि बेटांवर मात्र त्या पुष्कळदा अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि तो चुकवण्यासाठी अनेकांनी नोंदच केली नाही, हे ध्यानात न घेतल्यास वंशावळीतील खंडाचा भलताच अर्थ लावला जातो. खानेसुमारीत व्यक्तींची नावे १८४१ पासून पद्धतशीर मिळतात. ही साधने एडिंबरोच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. मुंबई इलाख्यात राहिलेल्या स्कॉटिश कुटुंबांचे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांचे तपशील मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधावे लागतात.

आडनावावरून कूळ ठरवणे धोक्याचे असते. ‘क्लॅन’ या शब्दाचा, हायलँड्सच्या जुन्या गेलिक भाषेतला, मूळ अर्थ मुले वा संतती असा असला, तरी क्लॅनमधील सर्व माणसे एकरक्ताची नव्हती; प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे किंवा त्याच्या आश्रयाला आलेले लोकही त्याचे नाव लावीत. मराठीत घराणे व जमीन कसणारा असामी या दोन्ही अर्थी ‘कूळ’ म्हणतात. क्लॅनमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. मॅक्ग्रेगर या नावावर १६०३ मध्ये बंदी आली आणि ती मधल्या काही वर्षांचा अपवाद वगळता १७७४ पर्यंत टिकली. त्या काळात त्यांच्यापैकी पुष्कळांनी कॅम्बेल, ड्रमंड, मरे अशी नावे घेतली.

प्रत्येक क्लॅनचे स्वतंत्र टार्टन, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्यांचे लोकरी कापड, प्राचीन काळापासून चालत आले आहे काय, हा प्रश्न सर्वाधिक वादग्रस्त आहे. स्काय बेटाचे रहिवासी मार्टिन मार्टिन यांनी १७०३ च्या सुमारास लिहिलेल्या वर्णनात चौकड्यांवरून माणसाचा मुलूख ओळखता येतो असे म्हटले आहे, कूळ नव्हे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या १७४५ च्या बंडातील हायलँडरांच्या समकालीन चित्रात एकाच माणसाच्या अंगावर निरनिराळी टार्टन दिसतात. बंडानंतर हायलँड पोशाखावर घातलेली बंदी १७८२ मध्ये उठली. १८१५ च्या सुमारास लंडनच्या हायलँड सोसायटीने क्लॅनप्रमुखांकडून नमुने मागवले आणि १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज याच्या एडिंबरो-भेटीने टार्टनला राष्ट्रीय पोशाखाचा मान मिळवून दिला. १८४२ मध्ये स्टुअर्ट राजघराण्याचे वंशज म्हणवणाऱ्या सोबिएस्की स्टुअर्ट बंधूंनी सोळाव्या शतकातील म्हणून प्रसिद्ध केलेली नमुन्यांची यादी आता बनावट मानली जाते. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ही परंपराच मुख्यतः अर्वाचीन निर्मिती ठरवली. तथापि फॉलकर्क येथे मिळालेला तिसऱ्या शतकातील चौकडीच्या कापडाचा तुकडा आणि ग्लेन अॅफ्रिकच्या दलदलीतील, बहुधा १५०० ते १६०० च्या दरम्यानचा तुकडा पाहता, कापड जुने परंतु त्याची आडनावाशी पडलेली गाठ अलीकडची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्थळांबाबतही हीच दक्षता हवी. वरील बंड जेथे मोडले गेले त्या कलोडनच्या रणभूमीवर (१६ एप्रिल १७४६) क्लॅनवार नावे कोरलेले दगड १८८१ मध्ये बसवले गेले. त्यांखाली त्याच नावाचीच माणसे आहेत असे समजू नये. आयलन डोनन हा छायाचित्रांतून सर्वपरिचित झालेला किल्ला १७१९ मध्ये उद्ध्वस्त झाला होता; आजची वास्तू १९१२ ते १९३२ या काळात उभारलेली आहे. याउलट रॉसशरमधील क्रोइक येथील साध्या चर्चचे मोल फार मोठे आहे. मेंढपाळीसाठी जमिनी रिकाम्या करवून घेतल्या जात असताना ग्लेनकॅल्व्हीहून हुसकावलेली कुटुंबे १८४५ च्या मे महिन्यात या चर्चच्या आवारात कापडाचे आडोसे करून राहिली होती. खिडकीच्या छोट्या शंकरपाळी काचांवर बाहेरच्या बाजूने खरवडलेली अक्षरे अजून वाचता येतात : ‘ग्लेनकॅल्व्हीचे लोक, दुष्ट पिढी’. ही माणसे गेलिक बोलणारी होती, तरी अक्षरे इंग्रजीत आहेत.