चांदीची गोळी आणि शेंदरी अळी

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावी एका कृषी केंद्राबाहेर पाटी होती : 'बोंडअळीवर रामबाण'. मराठीत रामबाण म्हटलं की विषय संपला. इंग्रजीतला त्याचा भाऊ म्हणजे 'सिल्व्हर बुलेट', चांदीची गोळी. युरोपातल्या लोककथांत माणसाचा लांडगा होतो, आणि साध्या गोळीला दाद न देणारा हा लांडगा चांदीच्या गोळीने मरतो. गंमत अशी, की इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा नकारातच भेटतो : 'यावर सिल्व्हर बुलेट नाही.' आपण जो शब्द पाटीवर रंगवतो, तो इंग्रजी बोलणारे हात वर करताना वापरतात.

औषधशास्त्रात अशीच 'जादूची गोळी' शोधली पाउल एरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने. काही रंग ठरावीक जंतूंनाच चढतात, हे त्याने पाहिलं होतं. मग रंगाच्या जागी विष असलं तर? शेकडो संयुगं तपासली गेली. १९०९ मध्ये त्याचा जपानी सहकारी सहाचिरो हाता याला ६०६ क्रमांकाचं संयुग उपदंशाच्या जंतूंवर लागू पडताना दिसलं. पुढच्याच वर्षी ते 'साल्व्हरसान' नावाने विक्रीला आलं. गोळी लागली खरी, पण तिच्यातल्या आर्सेनिकचा ताप रोग्यालाही होई. पेनिसिलिन आलं आणि ती मागे पडली.

आपल्याकडे गोळी सरकीत भरून आली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' (बीटी) या जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं. त्यातून तयार होणारं प्रथिन अळीच्या आम्लारी पोटात जागं होतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं, त्यांना भोकं पाडतं. अळी खाणं सोडते, मरते. आपल्या आतड्यात ते प्रथिन चिकटायची जागाच नाही. नेम असा, की एरलिख खूश झाला असता.

सुरुवातीला हिरव्या बोंडअळीवरची फवारणी खूप कमी झाली. पण शेंदरी बोंडअळी वेगळी. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो असं मिळेल ते खाते. शेंदरीचा जीव जवळपास फक्त कपाशीवर. सगळं शिवार बीटीचं झालं, तर जगतात त्या विष पचवणाऱ्या अळ्याच, आणि त्यांची लग्नंही आपसातच लागतात. हे टळावं म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, कडेने लावायला. तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकार पसरायला वेळ लागला असता. ते पाकीट किती बांधांवर पडून राहिलं, ते आपल्याला माहीत आहे. २०१७ च्या हंगामात राज्यभर बोंडं फोडली तर आत अळी. रावणाची शिरंही रामाच्या बाणाने तुटून पुन्हा उगवत होतीच की!

खानदेशात आणखी एक घोळ. विहिरीच्या, ठिबकच्या पाण्यावर मे महिन्यातच कपाशी लागते. मातीतल्या कोषांतले पतंग पावसानंतर बाहेर येतात तेव्हा पात्या-फुलं तयार. लागवड जूनमध्ये केली तर त्यांना अंडी घालायला काही सापडत नाही. वर फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच झाडं पाणी देऊन राखली, की अळीची हिवाळ्याची सोय होते.

त्या पाटीखालीच मादी पतंगाच्या वासाने नरांना ओढणारे कामगंध सापळे टांगलेले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "याच्यानं अळी मरंल का रे भाऊ?"

दुकानदार म्हणाला, "मरणार नाही, नाना. आली ते कळेल. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की मग फवारा. आणि पाकळ्या मिटलेली, अळी लागलेली डोमकळी दिसली तर तोडून टाका."

नानांनी दोन एकरांसाठी चार सापळे घेतले. पाटीकडे पाहिलंही नाही.