सांडपाण्याचा वास: यंत्रावर शून्य, नाकाला मात्र असह्य

सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचा सडक्या अंड्यांचा वास बहुतेकदा वाटेतच, नळात जन्मलेला असतो. पंपाच्या दाबाने भरून वाहणाऱ्या नळात हवा नसते. आतल्या बुळबुळीत थरातले जिवाणू मग प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पाणी जितकं उबदार आणि जितका वेळ अडकलेलं, तितका तो जास्त.

पाण्यात विरघळलेल्या सल्फाइडपैकी किती भाग हवेत सुटू शकेल, हे सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा अंक; ७ उदासीन, त्याखाली आम्ल) ठरवतो: सामू ७ असताना सुमारे निम्मा, ८ असताना जेमतेम दहावा हिस्सा, ६ असताना ९० टक्के. त्यात पाणी उंचावरून आदळलं की वायू भराभर सुटतो. म्हणून आवक कक्षात आणि निवळण टाकीच्या काठावर पाणी पडण्याची उंची आधी कमी करावी. रसायनांचा विचार त्यानंतर. नळात कॅल्शियम नायट्रेट सोडलं की जिवाणू सल्फेटऐवजी नायट्रेट वापरतात. लोहाचे क्षार सल्फाइडला काळ्या साक्यात बांधून टाकतात.

गाळाचा वास मात्र वेगळा. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पाणी वेगळं काढणाऱ्या यंत्रात, घुसळलेल्या गाळातली प्रथिनं कुजली की मिथाइल मर्कॅप्टन आणि डायमिथाइल सल्फाइड हे गंधकाचे दुसरे दुर्गंधी वायू सुटतात. फक्त हायड्रोजन सल्फाइड मोजणारं यंत्र अशा वेळी शून्य दाखवतं आणि शेजारच्यांची तक्रार खोटी ठरवली जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जिवाणूंच्या गाळणीने हवा शुद्ध करतानाही हाच भेद आडवा येतो. हायड्रोजन सल्फाइड खाणारे जिवाणू गंधकाम्ल बनवतात आणि सामू २ पर्यंत उतरला तरी मजेत जगतात. मर्कॅप्टन खाणाऱ्यांना उदासीन सामू लागतो. त्यामुळे दोन टप्पे हवेत: आधी आम्लधर्मी, मग लाकडाच्या तुकड्यांचा सुमारे एक मीटर जाडीचा थर. त्यातून हवा जायला ३० ते ६० सेकंद लागावेत. हा थर खालून, जिथून हवा शिरते तिथूनच वाळतो; मग भेगा पडतात आणि हवा न गाळता निसटते. आत येणारी हवा आधी पुरेशी दमट करून घ्यावी. हायपोक्लोराइटच्या स्क्रबरमध्ये, म्हणजे क्लोरीनयुक्त द्रावणाने हवा धुणाऱ्या यंत्रात, क्लोरीन कमी पडला, तर मर्कॅप्टनचं डायमिथाइल डायसल्फाइड होतं. तेही दुर्गंधीच.

टाक्यांवर झाकणं घातली की वास आत कोंडला जातो, पण वायूही साठतो. वरच्या ओलसर काँक्रीटवर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट पोखरलं जातं. म्हणून झाकणाखालची हवा सतत ओढून घ्यावी लागते. हायड्रोजन सल्फाइड सुमारे १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पोचला की नाक बधिर होऊन वास येईनासा होतो, त्यामुळे झाकण उघडण्यापूर्वी वायुमापकाने आतली हवा तपासावीच. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशीसुद्धा.