जो डेव्हिस काउंटी : गॅलीना आणि तिथली जुनी घरं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पार वायव्य कोपऱ्यातली, मिसिसिपी नदीला लागून असलेली काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. स्थापना 1827. नाव 1811 च्या टिपेकनूच्या लढाईत (अमेरिकी सैन्य विरुद्ध मूळ अमेरिकी जमाती) मारल्या गेलेल्या जोसेफ हॅमिल्टन डेव्हिस या वकिलाचं, पण तो सही करताना स्पेलिंगमध्ये ई आधी आणि आय नंतर लिहायचा, काउंटीच्या नावात ते उलटं झालं आणि तसंच राहिलं. हिमयुगात हिमनद्या इथवर आल्या नाहीत, त्यामुळे सपाट इलिनॉयमध्ये हा भाग एकदम डोंगरदऱ्यांचा आहे, राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण चार्ल्स माउंड (1,235 फूट) इथलंच.

मुख्य गाव गॅलीना. गॅलीना म्हणजे शिशाचं खनिज. सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ अमेरिकी जमातींचे लोक गोऱ्यांच्या आधीपासून इथलं शिसं काढत होते, खाणकामात बायकांचा मोठा वाटा होता, आणि हे आधी सांगायला हवं कारण बहुतेक वर्णनं 1820 च्या दशकात सरकारने दिलेल्या खाणींच्या लीजपासूनच सुरू होतात.

गाव ज्या नदीकाठी आहे ती आज गॅलीना नदी, पूर्वीची फीव्हर रिव्हर. या जुन्या नावावरून बराच वाद आहे. इंग्रजीत फीव्हर म्हणजे ताप, म्हणून कुठल्यातरी साथीवरून नाव पडलं असं गावात सांगतात. दुसरं मत असं की ल फेव्र नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यावरून आलं. तिसरं मत, फ्रेंचमध्ये फेव्ह म्हणजे शेंगांतले दाणे, घेवड्यासारखे, आणि काठावर तसल्या रानवेली असाव्यात म्हणून ‘दाण्यांची नदी’, पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांनी ऐकलं तसं फीव्हर केलं. नदीचं ‘बीन रिव्हर’ असं इंग्रजी रूपही जुन्या लिखाणात येतं, म्हणून हे तिसरं मत जास्त पटतं. तापाची गोष्ट बहुधा नाव रुळल्यावर मागाहून चिकटली असावी.

1840 च्या दशकात देशातलं बहुतेक शिसं याच पट्ट्यातून निघायचं. गावाची लोकसंख्या एकेकाळी 14,000 होती असं सर्रास लिहितात, पण 1860 च्या जनगणनेत ती 8,000 च्या आसपासच आहे, तेव्हा तो आकडा जपूनच घ्यावा. आज साधारण 3,300. शिसं वितळवायच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडली, उघड्या डोंगरांची माती नदीत आली, नदी गाळाने भरली, बोटी येईनात, त्यात रेल्वेने व्यापार दुसरीकडे नेला. पैसा संपला म्हणून जुनं पाडून नवं बांधायला कुणी आलं नाही, आणि घरं वाचली ती मुख्यतः यामुळेच. 1969 मध्ये गावाचा मोठा भाग राष्ट्रीय वारसा नोंदीत गेला.

सगळ्यात जुनं उभं घर डाउलिंग हाउस, बहुधा 1826 चं, चुनखडीच्या दगडाचं, खाली दुकान आणि वर राहायची जागा. खाणकामगारांची लाकडी घरं टिकली नाहीत जवळपास, त्यामुळे जे दिसतं ते मुख्यतः पैसेवाल्यांचं गॅलीना. बेल्व्हेडिअर मॅन्शन (1857) बोटींच्या धंद्यातल्या जे. रसेल जोन्सचं. 1840 च्या दशकातलं अमेरिकी संसदेतल्या वॉशबर्न या खासदाराचं घर ग्रीक धाटणीचं, समोर उंच खांब, यादवी युद्धातला सेनापती युलिसिस ग्रांट 1868 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला, तो निकाल त्याने याच घरात तारेवरून ऐकला.

ग्रांटचं स्वतःचं घर 1860 चं. विटांचं, इटालियन धाटणीचं, छत जवळजवळ सपाट आणि त्याच्या पुढे आलेल्या कडेखाली लाकडी ब्रॅकेटची रांग. 1860 मध्ये ग्रांट वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला गॅलीनात आला तेव्हा भाड्याच्या घरात राहत होता. यादवी युद्ध जिंकून 18 ऑगस्ट 1865 ला परतला तेव्हा गावातल्या रिपब्लिकन पक्षाच्या काही मंडळींनी 2,500 डॉलरला घेतलेलं हे घर त्याला भेट दिलं. राहिला मात्र थोडाच. 1904 मध्ये मुलांनी घर गावाला दिलं, गावाला खर्च झेपेना, म्हणून 1931 च्या सुमारास ते राज्याकडे गेलं. आत ग्रांट कुटुंबाचं बरंचसं मूळ फर्निचर अजून आहे.