कावेबाजपणाची मोजपट्टी आणि नात्यातला मुका मार

नवरा, सासू, मैत्रीण किंवा ऑफिसातला साहेब ‘मॅनिप्युलेटिव्ह’ आहे, म्हणजे दुसऱ्याला हवं तसं खेळवतो, असं आज सहज बोललं जातं. या बोलण्यामागे सुमारे सत्तर वर्षांचं संशोधन आहे. त्यातली बरीच वर्षं संशोधकांची नजर खेळवणाऱ्यावरच खिळलेली होती. जो खेळवला जातो, त्याच्याकडे लक्ष फार उशिरा गेलं. मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

१९५४-५५ मध्ये रिचर्ड क्रिस्टी हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात होते. हुकूमशहांच्या मागे जाणाऱ्यांच्या स्वभावावर तोवर भरपूर लिहिलं गेलं होतं. लोकांना हाताशी धरून स्वतःचा डाव साधणारा माणूस आतून कसा असतो, हा प्रश्न मात्र बाजूलाच पडला होता. त्यासाठी क्रिस्टी जुन्या राजनीतिग्रंथांकडे वळले. त्यात कौटिल्याचं अर्थशास्त्रही होतं. अखेर प्रश्नावली बेतली गेली ती इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या, सोळाव्या शतकातल्या निकोलो मॅकिआव्हेली या राजनीतिज्ञाच्या लिखाणावर. मॅकिआव्हेलीने लिहिलं ते राज्य टिकवण्याबद्दल. घरात बायकोशी किंवा भावाशी कसं वागावं, हा त्याचा विषय नव्हता, आणि त्याचं नाव या स्वभावाला कायमचं चिकटलं याचं मला वाईट वाटतं.

प्रश्नावलीत वीस विधानं होती. समोरच्याला जे ऐकायचं असेल तेच बोलावं, फायदा असल्याशिवाय आपला खरा हेतू कुणाला कळू देऊ नये, अशा धाटणीची. प्रत्येक विधान किती पटतं ते सांगायचं आणि त्यावरून गुण काढायचे.

खरी गंमत प्रयोगांत दिसली. क्रिस्टी आणि त्यांच्या सहकारी फ्लॉरेन्स गाइस यांनी तिघांना एका टेबलाभोवती बसवलं: एकाचे गुण जास्त, एकाचे मध्यम, एकाचे कमी. मध्ये एकेक डॉलरच्या दहा नोटा. तिघांपैकी कोणत्याही दोघांनी वाटणी ठरवायची, तिसऱ्याला काहीच मिळणार नाही. जास्त गुणवाल्यांना सरासरी साडेपाच डॉलरच्या वर मिळाले, कमी गुणवाल्यांना जेमतेम सव्वा. ठरलेला करार ऐन वेळी मोडायचा, दोघांनाही आपली गरज वाटेल असं बघायचं आणि हे सगळं डोकं थंड ठेवून करायचं, ही त्यांची रीत. या प्रयोगांवरच्या १९७० च्या पुस्तकात क्रिस्टींनी मान्य केलं की, सुरुवातीला नकोशा वाटलेल्या या मंडळींचं त्यांना पुढे पुढे कौतुकच वाटू लागलं.

याच पुस्तकात एक निष्कर्ष आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. असा माणूस कुठेही जिंकत नाही, त्याला तीन गोष्टी अनुकूल लागतात. गाठ समोरासमोर हवी, नियम सैल हवेत, आणि समोरच्याचं मन भावनेत गुंतलेलं हवं. आता घराचा विचार करा. रोज समोरासमोर, लेखी नियम एकही नाही, आणि मन तर गुंतलेलंच. बाजारात किंवा कोर्टात हिशेब मागता येतो. घरात हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. रुसणं, अबोला, कान भरणं, ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणणं, ही हत्यारं तिथेच सर्वांत खोल लागतात. डोळ्यांना न दिसणारा हा मुका मार मोजणारी मोजपट्टी तेव्हा कुणीच बनवली नाही.

पुढे १९८० मध्ये आत्मकेंद्री (नार्सिसिस्टिक) व्यक्तिमत्त्व विकृती अमेरिकेच्या मनोविकार-सूचीत आली. २००२ मध्ये डेलरॉय पॉलस आणि केविन विल्यम्स यांनी कॅनडात मॅकिआव्हेलीवृत्ती, आत्ममग्नता (नार्सिसिझम) आणि सायकोपथी (दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणं) यांची ‘डार्क ट्रायड’ म्हणजे ‘काळी त्रयी’ ही मोट बांधली. या तिघांत साम्य असलं तरी ते एक नव्हेत, असं त्यांचं म्हणणं होतं. या प्रश्नावल्या कमीजास्त प्रमाण दाखवतात, आजाराचं निदान करत नाहीत. इंटरनेटवर दहा प्रश्न सोडवून जोडीदारावर शिक्का मारणारे हे विसरतात, आणि त्यात निर्दोष माणसंही भरडली जातात.

दुसऱ्या बाजूची, म्हणजे खेळवल्या जाणाऱ्याची कहाणी वेगळ्याच वाटेने आली. १९३८ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘गॅस लाइट’ नावाचं एक नाटक आलं, १९४४ मध्ये त्यावरचा हॉलिवूडपट गाजला. नवरा चोरून माळ्यावर दागिने शोधतो, तेव्हा खालच्या खोलीतले गॅसचे दिवे मंदावतात. बायकोला ते दिसतं. तो मात्र तिला भास होतो असं ठसवत राहतो. १९६९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन ब्रिटिश डॉक्टरांनी याच नावाने एक लेख लिहिला. नको झालेल्या माणसाला घरचेच वेडा ठरवून इस्पितळात धाडू पाहतात, अशा रुग्णांची ती हकिकत होती. रुग्ण म्हणून आणलेला माणूस खरं बोलत असू शकतो, हे तिथे ठळकपणे नोंदलं गेलं.

यापुढचं काम संशोधक इव्हान स्टार्क यांचं. २००७ मध्ये त्यांनी मांडलं की, एकेक भांडण सुटं मोजू नका. पैसे कुणाच्या हातात, माहेरी फोन कुणासमोर होतो, कपडे कोण ठरवतं, हे सगळं मिळून नियंत्रणाचं एक जाळं असतं. त्यांनी स्वभावाची चिकित्सा सोडून वागणुकीची नोंद मागितली, आणि मला तेच योग्य वाटतं. कारण स्वभाव कोर्टात सिद्ध करता येत नाही, वागणूक येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असं नियंत्रण गुन्हा ठरलं, शिक्षा कमाल पाच वर्षं.

आपल्याकडे पाऊल त्याआधी पडलं होतं. महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या साथीने १९८४ मध्ये महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाला स्वतंत्र जागा मिळाली, आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. संरक्षण आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार नोंदवायच्या छापील नमुन्यात चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, मूल होत नाही म्हणून अपमान करणं, नोकरी करू न देणं, ठरावीक व्यक्तीला भेटू न देणं आणि आत्महत्येची धमकी देणं, हे सगळं वेगवेगळं नोंदवता येतं.