फोनवर लावायची पाटी : व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची आपोआप उत्तरं

(आमच्या दुकानदार आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या ग्राहकांसाठी)

शटर खाली ओढलं की दुकानाच्या वतीने पाटी बोलते : 'दुपारी १ ते ४ बंद.' फोनला अशी पाटी नसते. रात्री साडेअकराला कुणीतरी 'चकली काय किलो?' असं विचारतं, सकाळपर्यंत वाट बघतं आणि दुसरीकडे ऑर्डर देऊन मोकळं होतं. दिवाळीच्या तोंडावर फराळ करणाऱ्या ताई आमच्या फोनच्या दुकानात हेच गाऱ्हाणं घेऊन येतात. म्हणून हा कागद छापला.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे साध्या व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा वेगळं अ‍ॅप आहे. ते २०१८ मध्ये आलं आणि फुकट आहे. एक नंबर एका वेळी दोन्हीपैकी एकाच अ‍ॅपवर चालतो, त्यामुळे घरचा नंबर घरापुरता ठेवून धंद्याला दुसरा घ्यावा, असं आमचं मत. दुकानाचा लँडलाइनही चालतो; नंबर तुमचाच आहे हे पडताळायचा कोड फोन करून सांगितला जातो. तो सहा आकडी कोड तुम्ही स्वतःच टाका. आम्ही मागणार नाही, आणि आमच्या नावाने कुणी मागितला तरी देऊ नका.

अ‍ॅपमध्ये 'बिझनेस टूल्स' (काही फोनवर नुसतं 'टूल्स') उघडलं की तीन गोष्टी दिसतात : ग्रीटिंग मेसेज, अवे मेसेज, क्विक रिप्लाय.

ग्रीटिंग म्हणजे 'या, बसा'. पहिल्यांदाच मेसेज करणाऱ्याला, किंवा १४ दिवस काहीच बोलणं न झालेल्याला तो आपोआप जातो. इथे सुविचार आणि गुलाबाची फुलं नकोत. दुकान कशाचं, कुठे, कधी उघडं, एवढं पुरे.

खरी पाटी म्हणजे अवे मेसेज, तुम्ही जागेवर नसताना आपोआप जाणारं उत्तर. (आमच्यातल्या थोरल्यांना सायबर कॅफेचे दिवस आठवतात. तेव्हाच्या आयआरसी चॅटमध्येही 'अवे' लावून चहाला जाता यायचं, म्हणजे कल्पना जुनीच.) तो कधी जावा यासाठी तीन पर्याय आहेत : कायम, तुम्ही ठरवलेल्या तारखा-वेळांत, किंवा दुकानाच्या वेळेबाहेर. रोजच्यासाठी तिसरा घ्या. पण त्याआधी बिझनेस प्रोफाइलमध्ये वारांप्रमाणे दुकानाच्या वेळा भराव्या लागतात. वेळाच भरल्या नसतील, तर वेळेबाहेर म्हणजे कधी, हे फोनला कळणार कसं? आठवडी सुट्टीही तिथेच टाका.

'कायम' या पर्यायाला मात्र हात लावताना जपून. आम्ही स्वतः आपटलो आहोत. गणपतीत दुकान पाच दिवस बंद होतं, तेव्हा घाईत 'गणपतीनिमित्त दुकान बंद आहे' असा मेसेज 'कायम'वर लावला आणि विसरलो. पितृपक्ष सुरू झाला तरी आमचा फोन लोकांना गणपती सांगत होता. एक नेहमीचे काका दारात येऊन म्हणाले, "अजून विसर्जन झालं नाही वाटतं!" तेव्हापासून सणाच्या सुट्टीला तारखांचाच पर्याय वापरतो. शेवटची तारीख उलटली की मेसेज आपला आपण थांबतो.

मजकूर असा लिहा :
'नमस्कार. दुकान सकाळी १० ते रात्री ८ उघडं असतं, सोमवारी बंद. काय हवं आणि किती हवं ते लिहून ठेवा, उद्या सकाळी ११ च्या आत कळवतो.'

११ म्हटलं की ११ पाळायचे. 'लवकरच संपर्क साधू' कुणी खरं धरत नाही. आणि 'तुमची ऑर्डर मिळाली' असं तर मुळीच लिहू नका. समोरच्याने काय लिहिलंय ते हा मेसेज वाचत नाही. कुणी भाव विचारला, कुणी परवाचा लाडू कडक होता म्हणून सांगितलं, सगळ्यांना एकच उत्तर. 'ऑर्डर मिळाली' वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि भाऊबीजेला भांडण तुमच्या दारात येतं.

'मेसेज जातच नाही' म्हणून बरेच जण फोन घेऊन येतात. बिघाड क्वचितच असतो. बहुतेकांनी तपासणी बायकोच्या किंवा भावाच्या फोनवरून केलेली असते. त्यांच्याशी रोजच बोलणं, मग ग्रीटिंग जाईल कसा? ज्या नंबरशी कधीच बोलणं झालेलं नाही, त्यावरून बघा. आमच्या काउंटरवरचा फोन त्यासाठीच आहे. दुसरं कारण, मेसेज कुणाला जावा यात 'अ‍ॅड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना' निवडलेलं असतं आणि जुनी गिऱ्हाइकं वगळली जातात. तिसरं, रात्री डेटा बंद. अवे मेसेज तुमच्या फोनवरून जातो; फोनला इंटरनेट नसेल तर तो जात नाही. झोपताना डेटा बंद करायची सवय असेल तर ही पाटी लागणारच नाही.

क्विक रिप्लाय आपोआप जात नाही, पण बोटं वाचवतो. दरपत्रक, पत्ता, पैसे पाठवायची माहिती असे मजकूर एकदाच लिहून ठेवायचे. असे ५० पर्यंत ठेवता येतात. मग चॅटमध्ये तिरकी रेघ (/) टाकून तुम्ही दिलेलं छोटं नाव निवडलं की अख्खा मजकूर समोर येतो. भाव बदलला की तिथलाही बदला. तेलाचा डबा महागला आणि दरपत्रक गेल्या वर्षीचंच गेलं, तर फरक तुमच्याच खिशातून.

हे सगळं लावून द्यायला आम्हाला अर्धा तास लागतो. आमच्याकडून घेतलेल्या फोनला त्याचे पैसे नाहीत. येताना दुकानाच्या वेळा आणि दरांचा कागद लिहून आणा, फोन चार्ज केलेला असू द्या. आणि शनिवारी संध्याकाळी येऊ नका, तेव्हा काउंटरवर उभं राहायलाही जागा नसते.