धाप लागली नाही तर धावणे वाया जाते का?

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे धावणाऱ्यांत एक समज पक्का आहे, की रोज छाती फुटेस्तोवर पळाले तरच ती शिस्त आणि गप्पा मारत पळणे म्हणजे निव्वळ चैन. तसे नाही. पूर्ण वाक्य बोलता येईल अशा संथ गतीने धावल्यास स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे वाढते आणि थकवाही लवकर उतरतो. म्हणूनच लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंची सुमारे ८० टक्के सत्रे संथच असतात. उरलेली मात्र खरोखर कठीण हवीत. तिथे गप्पा जमत नाहीत. खानदेशातल्या मे महिन्यात तर घड्याळापेक्षा श्वासावर भिस्त ठेवावी, कारण अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि हिवाळ्यातल्याच वेगाला नाडी कितीतरी जलद पडते.