लघवीच्या पिशवीचं दुखणं आणि सप्लिमेंटच्या बाटल्या: हे सगळं आलं कुठून?

लघवीला जळजळ होतेय म्हटलं की आपल्याकडे पुढचं वाक्य ठरलेलं असतं, उन्हाळी लागली असेल, पाणी कमी पितेस, धण्याचं पाणी पी. बहुतेक वेळा ते खरंही असतं, नाहीतर साधं इन्फेक्शन असतं आणि चार-पाच दिवस गोळ्या घेतल्या की विषय संपतो. पण काही जणींचा विषय संपतच नाही (काही पुरुषांचाही नाही, पण त्यांचं दुखणं बरेचदा प्रोस्टेटच्या नावावर खपून जातं). ओटीपोटात दुखतं, पिशवी भरत आली की कळ चढत जाते, मोकळी झाली की जरा बरं वाटतं, अर्ध्या तासात परत तेच, रात्रीच्या झोपेचं खोबरं, आणि युरिन कल्चरचा रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. ह्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात, थोडक्यात आयसी, आणि हल्ली ब्लॅडर पेन सिंड्रोम. हे दुखणं मलाही आहे, आणि आयसीवाल्या बायका भेटल्या की गप्पा फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, अमकी कॅप्सूल घेऊन बघितलीस का, तमकी पावडर कशी आहे, रोज घेतली तर चालते का. पण त्या बाटलीत जे घातलंय ते नेमकं तेच का घातलंय हे कोणी विचारत नाही. विचारायला गेलं तर सगळा जुना इतिहास बाहेर येतो, कारण लेबलवरचा जवळजवळ प्रत्येक घटक म्हणजे कुठल्यातरी काळात कुठल्यातरी डॉक्टरांनी ह्या दुखण्याच्या कारणाबद्दल बांधलेला एक अंदाज आहे.

सुरुवात फिलाडेल्फियातून. 1836 मध्ये जोसेफ पॅरिश नावाच्या सर्जनने खडा नसताना खड्यासारखं दुखणाऱ्या मूत्राशयाबद्दल लिहिलं. चेहऱ्याच्या नसेची जी भयंकर कळ असते तिचंच नाव त्याने ह्याला दिलं, म्हणजे हे नसांचं दुखणं असावं अशी शंका तेव्हाच आली होती. इंटरस्टिशियल सिस्टायटिस हा शब्द आला 1887 मध्ये, न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर स्कीन यांच्या पुस्तकातून. आणि मग 1915 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले गाय हनर. त्यांनी आठ बायकांची हकीगत छापली, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी, रात्रीची जागरणं, आणि हे त्या बायकांना सरासरी 17 वर्षं होत होतं. 17 वर्षं! त्यांच्या पिशवीत हनरना आतल्या बाजूला लालसर, हात लागला की रक्त येणारे चट्टे दिसले, त्यांना आजही हनर लेजन म्हणतात.

हनरनी हे शोधून काढलं हे उपकारच, पण त्यातून एक गोची झाली. चट्टा दिसला तर आजार, नाही दिसला तर काही नाही असं पुढची कित्येक वर्षं धरलं गेलं, आणि चट्टे तर थोड्याच पेशंटमध्ये असतात. बाकीच्या जणी गेल्या मग मनाच्या आजाराच्या खात्यात. 1930 मध्ये बंपस यांनी भूल देऊन पिशवी पाण्याने फुगवण्याचा उपाय लिहिला, कोणी सिल्व्हर नायट्रेट आत सोडत होतं, 1949 मध्ये जॉन हँड यांनी 223 पेशंटचा अभ्यास छापून आतल्या बारीक रक्तस्रावांचं वर्णन केलं, म्हणजे काम चालू होतं, नव्हतं असं नाही. पण 1970 च्या दशकापर्यंत मोठमोठ्या युरॉलॉजीच्या पुस्तकांत हा आजार मनोकायिक प्रकरणात टाकलेला असायचा, दाबून ठेवलेला राग लघवीच्या वाटेने बाहेर पडतो वगैरे. आपल्याकडे "टेन्शन घेऊ नकोस, लग्न झालं की बरं होईल" म्हणतात त्याचंच हे छापील रूप, फक्त इंग्रजीत.

1978 साली दोन गोष्टी झाल्या. स्टॅनफर्डच्या मेसिंग आणि स्टेमी यांनी दाखवलं की चट्टा नसतानाही भूल देऊन पिशवी ताणली की आत ठिपक्याठिपक्यांचा रक्तस्राव दिसतो, म्हणजे आजार लवकर पकडता येतो (त्या ठिपक्यांवर पुढे बरेच वाद झाले, ते निरोगी बायकांतही दिसतात, पण ते नंतरचं). आणि त्याच वर्षी एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, डीएमएसओ ह्या औषधाला आयसीसाठी मान्यता दिली. हे लाकडापासून कागद बनवताना निघणाऱ्या मालातून आलेलं सॉल्व्हंट, नळीने पिशवीत सोडतात, आणि नंतर अंगाला, श्वासाला लसणासारखा वास येतो. घरात सगळ्यांना कळतं आज हॉस्पिटलला जाऊन आली.

पण माझ्या मते खरं वळण आलं ते पेशंटमुळे. विकी रॅटनर मेडिकलला शिकत असताना स्वतः ह्या दुखण्याने हैराण झाल्या, एकामागून एक डॉक्टर झाले, तुला काही नाही असंच ऐकलं, शेवटी लायब्ररीत बसून स्वतःच आजार शोधला. 1984 मध्ये त्यांनी इंटरस्टिशियल सिस्टायटिस असोसिएशन काढली, आणि पुढे अमेरिकेतल्या सकाळच्या एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमात त्या ह्यावर बोलल्या, तर पत्रांचा ढीग पडला, हजारो बायका म्हणाल्या मलाही हेच होतंय. त्यानंतर सरकारी संशोधनाचा पैसा आला, 1987 मध्ये एनआयडीडीके ह्या संस्थेने कोणाला आयसी म्हणायचं ह्याचे निकष ठरवले. पण अजून एक झालं ज्याकडे फारसं कोणी बघत नाही. ह्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या. काय खाल्लं की भडकतं, काय घेतलं की बरं वाटतं, ह्याच्या याद्या हातोहात फिरायला लागल्या. कॉफी, लिंबूवर्गीय फळं, टोमॅटो, तिखट, दारू, कृत्रिम साखर. सप्लिमेंटचा बाजार ह्याच याद्यांवर उभा राहिलाय, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाही.

आता बाटली हातात घेऊ.

लेबलवर ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, हायल्युरोनिक ॲसिड दिसलं तर समजायचं हा सॅन डिएगोच्या लोवेल पार्सन्स यांच्या थिअरीचा माल. त्यांचं म्हणणं असं की पिशवीच्या आतल्या बाजूला एक चिकट संरक्षक थर असतो, नॉनस्टिक तव्याच्या कोटिंगसारखा, तो विरळ झाला की लघवीतलं पोटॅशियम आत झिरपतं आणि नसा पेटवतं. मग तो थर ज्या प्रकारच्या पदार्थांचा बनलाय तेच तोंडाने द्या, जाऊन बसेल, असा हिशोब. कागदावर छान आहे, पण पोटातून रक्तात, रक्तातून लघवीत आणि तिथून भिंतीवर, ह्या प्रवासात किती उरतं हा प्रश्न कायम राहिलाय. हेच पदार्थ नळीने थेट पिशवीत सोडतात ती गोष्ट वेगळी, तिची गल्लत कॅप्सूलशी करू नका, जाहिराती मुद्दाम करतात.

क्वर्सेटिन दिसलं तर ती दुसरी शाळा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस सिमन्स यांनी ॲलर्जीची औषधं आयसीवर वापरून बघितली, मग पिशवीच्या भिंतीत मास्ट सेल नावाच्या, हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी जास्त सापडल्या, आणि टफ्ट्स विद्यापीठाचे थिओहारिडीस यांनी ती बाजू पुढे लावून धरली. क्वर्सेटिन त्या पेशींना शांत करतं असं प्रयोगशाळेत दिसलं. 2001 मध्ये ह्यावर एक छोटा अभ्यास आला, 22 पेशंट, 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे, बऱ्याच जणांना बरं वाटलं, पण तुलनेला खोटी गोळी घेणारा गटच नव्हता. (क्वर्सेटिन कांद्यात भरपूर असतं, बाहेरच्या पापुद्र्यांत जास्तच. पण कच्चा कांदा खाल्ला की कित्येकींची पिशवी भडकते, त्यामुळे नाशिककरांनी लगेच खूश होऊ नये.) एल-आर्जिनीन ही 1990 च्या दशकातली तिसरी शाळा, नायट्रिक ऑक्साइडवाली (हे एक अमिनो आम्ल, शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं), ती नीट चाचण्यांत फारशी टिकली नाही. आणि कॅल्शियम ग्लिसेरोफॉस्फेट, जे जेवणाबरोबर घेतलं की अन्नातलं आम्ल मारतं, ते सरळ बायकांच्या खाण्याच्या यादीतून आलेलं. हे इकडच्या मेडिकलमध्ये मागितलं तर केमिस्ट आपल्याकडेच बघत बसतो, त्यामुळे अमेरिकेतली भाची सुट्टीला येताना दोन डबे घेऊन येते.

हे सगळं चालू असताना 1996 मध्ये पेंटोसान पॉलिसल्फेट आलं, एल्मिरॉन नावाने, आयसीसाठी एफडीएने मान्य केलेली पहिली आणि अजूनही एकमेव तोंडाने घ्यायची गोळी. बीच झाडाच्या लाकडापासून बनवलेलं, रक्त किंचित पातळ करणारं, 100 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. कल्पना तीच, थराची डागडुजी. पण घेतलेल्या औषधातलं जेमतेम 6 टक्के लघवीत उतरतं, महिनोन्महिने वाट बघावी लागते, आणि किंमत अशी की महिन्याचं बजेट कोलमडतं. 2015 मध्ये 368 पेशंटची मोठी चाचणी आली, त्यात औषधवाले आणि खोट्या गोळीवाले दोन्हीकडे साधारण 40 टक्के लोकांना आराम पडला. म्हणजे फरक नाहीच. मग 2018 मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले डोळ्यांचे डॉक्टर नीरज जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा पेशंटबद्दल लिहिलं, वर्षानुवर्षं ही गोळी घेतलेल्या, आणि डोळ्याच्या पडद्यावर एक वेगळंच रंगद्रव्य साठून नजर बिघडलेल्या. 2020 मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापला गेला. आपल्याकडेही पेंटोसान मिळतं, आणि घेत असाल तर डोळ्यांची तपासणी करून घ्यायची का हे डॉक्टरांना जरूर विचारा, गोळी मनाने बंद करू नका.

ह्या बातमीनंतर बऱ्याच जणी सप्लिमेंटकडे वळल्या आणि त्यात चूक काय, असं मला वाटतं. 17 वर्षं कोणी ऐकलं नाही, मग ऐकलं तर एकच गोळी दिली, ती गोळी डोळ्यांवर आली, माणूस दुसरीकडे बघणारच. फक्त त्या 40 टक्क्यांचा आकडा डोक्यात ठेवायचा. खोट्या गोळीनेही दहातल्या चौघांना बरं वाटत असेल तर "मला फरक पडला" हे मैत्रिणीचं वाक्य शंभर टक्के खरं असूनही बाटलीबद्दल फार काही सांगत नाही. शिवाय हे दुखणं आपलं आपणच चढतं-उतरतं, आणि नवी बाटली आपण नेहमी अगदी असह्य झाल्यावरच आणतो.

बाजार एवढा सुटा का आहे तर त्यालाही तारीख आहे. 1994 मध्ये अमेरिकेने सप्लिमेंटसाठी वेगळा कायदा केला, त्यात विक्रीआधी गुण सिद्ध करून दाखवायची सक्ती नाही. आपल्याकडे ही सगळी सप्लिमेंटं एफएसएसएआय ह्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेखाली येतात, म्हणजे कायद्याने ते अन्न आहे, औषध नाही. डबा फिरवून बघा, औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत ठळक छापलेलं असतं, आणि पुढच्या बाजूला मोठ्ठ्या अक्षरात ब्लॅडर सपोर्ट. शेजारी शाकाहारीचा हिरवा ठिपका किंवा मांसाहारीचा तपकिरी त्रिकोण असतो तोही बघा, कारण ग्लुकोसामाइन बहुतेक करून कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात आणि कॉन्ड्रॉइटिन जनावराच्या कूर्चेपासून, बरेचदा गाईच्या. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी चातुर्मासात हे वाचलं आणि डबा तसाच केमिस्टला परत. कोळंबीची ॲलर्जी असेल तर हा प्रश्न श्रद्धेचा राहत नाही. आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ग्लुकोसामाइन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही.

सगळ्यात जास्त घोळ क्रॅनबेरीचा. ती इन्फेक्शन परत परत होऊ नये म्हणून घेतात, पण दुकानात "युरिनरी हेल्थ" नावाच्या एकाच फळीवर सगळं ठेवलेलं असतं, आणि आयसीवाली ते आंबट सॅशे घेऊन घरी येते. आधीच भडकलेल्या पिशवीवर आम्ल. व्हिटॅमिन सीचंही तसंच, कोरोनात सगळ्यांनी त्या गोळ्या चघळल्या तेव्हा कित्येक आयसीवाल्यांनी ते दिवस फार वाईट काढले. कोरफडीच्या कॅप्सूल अमेरिकेतल्या आयसीवाल्यांत फार लोकप्रिय आहेत, अभ्यास अगदी लहान आहेत, पण घरच्या कुंडीतलं पान कापून प्यायला जाऊ नका, सालीखालचा तो पिवळा चीक जुलाब करतो. अमेरिकेत त्या चिकाची जुलाबाची औषधं 2002 मध्ये दुकानांतून काढायला लावली.

मग आपलं घरचं काय? चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे लघवी त्रासाने होण्याचे, आठ प्रकार सांगितलेत, गोखरू, पुनर्नवा, वाळा तेव्हापासून चालत आलेत. जवाचं पाणी, धण्याचं पाणी सौम्य आहे, बऱ्याच जणींना सोसतं, मलाही सोसतं. कोकम सरबत मात्र थंड म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी आंबटच आहे. आणि वटी-गुग्गुळ घ्यायचं तर वैद्यांना दाखवून घ्यावं, शेजारणीला लागू पडलं म्हणून नको.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने 2011 मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा उपायांची शिडी होती, आधी हे मग ते. 2022 च्या आवृत्तीत ती शिडीच काढली, पेशंट बघून ठरवा म्हणाले, कारण एकच आजार नाही, बरेच आजार एका नावाखाली आहेत हे आता बहुतेकांना पटलंय. त्यात ज्याला खरंच चांगला पुरावा आहे ती गोष्ट बाटलीत मिळत नाही, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू हाताने मोकळे करणारी फिजिओथेरपी. 2012 मध्ये 81 बायकांवर चाचणी झाली, त्यात ह्या थेरपीने 59 टक्के जणींना फायदा झाला आणि साध्या मसाजने 26 टक्के. आणि इथे आपल्याकडे अजून सरसकट किगल (ह्याच तळाच्या स्नायूंना आवळण्याचा व्यायाम) करा म्हणून सांगतात, तेच नको असं ती तत्त्वं स्पष्ट म्हणतात, आखडलेला स्नायू अजून आवळून काय मिळणार. अशी फिजिओ करणाऱ्या बायका पुण्या-मुंबईत आता आहेत, तालुक्याच्या गावी शोधावंच लागतं, आणि एका कॅप्सूलच्या डब्याच्या पैशात तिथली दोनेक सेशन्स होऊ शकतात.